शेवंताला आणायला

भिलाईला लोक कारखाना पाहायला जातात. मी गेलो होतो धाकट्या भावाच्या बायकोला घरी आणायला. कारखाना वाटेत दिसला एवढंच. तेव्हा कोणत्या भट्टीतून किती लोखंड निघतं हे ज्यांना हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं.

माझा भाऊ नामदेव कारखान्याचा पाया खणायच्या दिवसांतच भिलाईला लागला. वर्षभराने बायको शेवंता आणि लेक सुमन यांनाही घेऊन गेला. दीड वर्षापूर्वी विषमज्वराने तो वारला, तेव्हा मी दुर्गच्या स्टेशनापर्यंतच जाऊन दोघींना गावी घेऊन आलो होतो. तेरवीनंतर शेवंता दोन महिने साकोलीजवळच्या आमच्या गावी राहिली, मग 'तिकडचं सामान आवरून येते' असा निरोप सुमनच्या तोंडून देऊन भिलाईला गेली, ती गेलीच. पुढे गावात बातमी आली की ती किरिस्तावांत राहते, रविवारी त्यांच्यात जाऊन बसते आणि पोरगी त्यांची गाणी म्हणते. बातमी आणणारा तिखटमीठ लावतोच, पण ते तिखट माझ्या मुलीच्या, कमलच्या, सोयरिकीपर्यंत जाऊन पोचलं. बोलणी ठरत आली होती. मुलाचे वडील येऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरची सून बाटली म्हनतेत. पयले तिले घरी आना, मंग सुपारी फोडू." शेवंता आली तर कमलचं लग्न, नाहीतर नाही. मामला इतका सरळ होता.

सरळ नव्हतं ते एकच. शेवंताशी मी अकरा वर्षांत एक शब्दही बोललो नव्हतो.

पुण्यामुंबईकडच्या वाचकांना हे भांडण वाटेल. भांडण नव्हे, आमच्याकडची रीत आहे. धाकट्या भावाच्या बायकोला नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. भासऱ्यासमोर तिने तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्यानेही तिच्याकडे पाहायचं नाही. वाटेत आली तर पाठ फिरवून उभं राहायचं. माझं नाव मारोती. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून शेवंताने गावच्या मारोतीच्या देवळालासुद्धा कधी मारोतीचं म्हटलं नाही, 'वेशीवरचा देव' म्हणायची. हे मला बायकोकडून कळलं आणि ऐकून बरं वाटलं होतं. सून वळणाची आहे असं मी चारचौघांत सांगितलंही होतं.

आणखी एक सांगून ठेवतो. मी संशयी माणूस आहे. वर्गातला पोरगा पाणी प्यायला जातो म्हणाला तर मी आधी त्याच्या पाटीकडे बघतो.

शुक्रवार. गोंदियाहून पुढे

आपलं महाराष्ट्र राज्य होऊन पहिलाच हिवाळा. गोंदियाला पॅसेंजर धरली की थोड्याच वेळात आपलं राज्य संपतं. पण शेतांना ते कुणी सांगितलेलं नसतं. धानाच्या कापलेल्या बांध्या आमच्यासारख्याच, आणि त्या खुंटांत पेरलेली लाखोळीही आमच्यासारखीच निळी फुललेली. डोंगरगडला डब्यातल्या बायाबापड्यांनी टेकडीवरच्या देवीला हात जोडले, मीही जोडले आणि 'निघालोय त्या कामाला यश दे' म्हणालो. राजनांदगावला भजी घेतली. भजेवाल्याने बांधून दिली त्या कागदावर इंग्रजी छपाई होती. मी वाचून पाहिलं, कुठे येशूचं नाव तर नाही. साबणाची जाहिरात होती.

दुर्ग सोडलं आणि झाडांची पानं लाल दिसायला लागली. मुरमाची धूळ. मग आभाळाला टेकलेली धुराडी, मग लोखंडी सांगाडे, आणि रुळांवर नंदिनीच्या खाणीतून चुनखडी आणणाऱ्या वाघिणींची रांग. स्टेशनावर तेलुगू, मल्याळी, पंजाबी, ओडिया असे सगळ्या मुलखांचे लोक एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलत होते. उन्हाने मान भाजून निघालेले दोन रशियन साहेब पेरू विकत घेत होते आणि पेरूवाली त्यांना छत्तीसगडीतच रागावत होती. मला गाव आवडलं नाही. जिथे कुणीच कुणाच्या गावचा नाही, तिथे माणूस काय करतो हे विचारणार कोण?

उतरलो ते गावच्या सोमाकडे. सोमा रिगर आहे. दोर आणि साखळ्या लावून अवजड सामान वर चढवायचं त्याचं काम. राहायला लेबर कॅम्पात पत्र्याची एक खोली. संध्याकाळी एकाएकी पश्चिमेकडचं आभाळ लालभडक झालं. मी घाबरून उठलो. सोमा हसला. भट्टीतली तापलेली मळी बाहेर ओततात, त्याचा तो उजेड. रोजचं आहे म्हणाला.

शेवंताबद्दल मात्र तो हसला नाही. "गुरुजी, थे लोकं लय गोड बोलतेत. चहा पेला का मानूस गेला समजा. आन् तिले त त्यायनं पुरं कब्ज्यात घेतलं. आपन काई पुसलं त थे बोलतच नाई. थे नर्सबाईच उत्तर देते."

"नर्सबाई कोन?"

"रूथबाई. दवाखान्यात हाये. तिच्याच क्वार्टरात राह्यते तुमची सून."

मी मनात नोंद केली. बोलू देत नाहीत.

शनिवार. एकसारखी घरं

मी येणार हा निरोप सोमाने आदल्या रात्रीच पोचवला होता. सकाळी दवाखान्याजवळच्या सेक्टरात मला सोडून तो ड्युटीवर गेला. क्वार्टरांच्या ओळीच्या ओळी, सगळ्या एका साच्यातल्या. तेच दार, तीच खिडकी, दारापुढे तेवढाच एक वाफा. आमच्या गावात घर चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. कुठे कूड वाकलेला असतो, कुठे दारात म्हैस असते. इथे मी तिसऱ्या ओळीऐवजी चौथ्या ओळीत शिरलो आणि दार वाजवलं. एका म्हाताऱ्या बाईने उघडलं, हसून आत बोलावलं, खुर्ची दिली, पितळेच्या पेल्यात ताक दिलं. मी ते तोंडाला लावलं नाही. भिंतीवर पाहतो तर क्रूस नाही, उलट तिरुपतीच्या बालाजीची मोठी तसबीर, हार घातलेली, पुढे उदबत्ती. मी मनात म्हटलं, वा रे बुवा, काय हुशार लोक! मास्तर येणार हे कळलं म्हणून देव टांगून ठेवलाय.

अर्धा तास मी त्या तसबिरीकडे डोळे बारीक करून पाहत बसलो. बाई तेलुगूत काही विचारायची, मी मराठीत 'बोलवा आमच्या सुनेला' म्हणायचो. शेवटी तिचा मुलगा शिफ्टवरून आला तेव्हा उलगडा झाला की ती जन्मात कधी चर्चात गेलेली नव्हती आणि रूथबाईचं घर मागच्या ओळीत होतं. ताक मग मी उभ्याउभ्या पिऊन टाकलं. चांगलं होतं, कढीलिंबाचं.

रूथबाई नगरकडच्या. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, पांढरं लुगडं नेसलेल्या. मराठी स्वच्छ. "या मास्तर, बसा. शेवंता सकाळपासून वाट बघतेय." इतकं स्वच्छ मराठी ऐकून मी आणखीच सावध झालो. भिंतीवर क्रूस होता, त्याखाली नामदेवचा फोटो होता. माझ्या भावाचा फोटो त्यांच्या क्रूसाखाली! स्वयंपाकघराच्या दाराच्या फळीआड हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता, तेवढीच शेवंता. सुमन धावत आली. आठ वर्षांची झाली होती. "मोठेबाबा, आप कब आए?" म्हणाली. पोरगी हिंदीतच बोलत होती.

चहा आला. मी तो तसाच ठेवला. त्यावर साय धरली तरी पाहिलं नाही.

"सुमे," मी दाराला ऐकू जाईल असं म्हणालो, "तुह्या मायले म्हन, सामान बांध. सोमवारची गाडी हाये. आजी वाट पाहून राहिली."

आतून कुजबुज झाली. रूथबाई उठून आत गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "शेवंता म्हणते, उद्या उपासनेला या. तिथे उत्तर देते."

"तिच्या तोंडून येऊ द्या की."

"तुमच्यासमोर ती बोलू शकत नाही, म्हणून माझ्याकडे सांगते. रीत तुमचीच आहे ना मास्तर?"

उत्तर अगदी तयार होतं. तयार उत्तर पोरगं देतं तेव्हा ते शेजाऱ्याच्या पाटीवरचं असतं, हे मी वीस वर्षं पाहतोय. घरात उत्तर देता येत नाही आणि चर्चात देता येतं, याचा अर्थ काय? तिथे चारपाचशे लोक जमवायचे, मला मध्ये बसवायचं, पाणी शिंपडायचं आणि म्हणायचं, भासरासुद्धा आला. मी विचारलं, "भाडं काय घेता तिच्याकडून?" रूथबाई म्हणाल्या, काही नाही, ती नर्सांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते, घरचं दोघी मिळून करतात. फुकट? म्हटलं, हाच तो गळ.

तेवढ्यात दारातून दिसलं. शेवंता भातासाठी तांदूळ घेत होती. पाण्यात टाकण्याआधी तिने त्यातले मूठभर काढून कोपऱ्यातल्या एका डब्यात टाकले. मी विचारायच्या आतच सुमन म्हणाली, "वो चर्च का है. रोज एक मुट्ठी." माझ्या विधवा भावजयीच्या ताटातलं रोज मूठभर धान्य काढून घेणारी ही कसली माणसं! मी तडक उठलो. निघताना म्हणालो, "उद्या येतो. पण दाराशी बसेन."

"कुठेही बसा," रूथबाई म्हणाल्या.

रविवार. सिमेंटच्या गोदामात

चर्च म्हटल्यावर नागपूरला पाहिलेलं दगडी, घंटेचं काहीतरी मनात होतं. हे निघालं सिमेंट ठेवायचं जुनं गोदाम. पत्र्याचं छप्पर, खाली सतरंज्या, पुढे एक टेबल, त्यावर पांढरा कपडा आणि झेंडूची फुलं. माणसं साठसत्तर असतील. दारात चपलांचा ढीग होता. मी माझ्या काढल्या आणि सरळ हातात धरून आत गेलो. परक्या ठिकाणी चपला सोडायच्या कशाला? डाव्या हाताला पुरुष, उजव्या हाताला बायका. मी पुरुषांच्या शेवटी, दाराला लागून बसलो. शेवंता पलीकडे बायकांत होती. मी पाठ तिच्याकडे करून घेतली.

पास्टर छत्तीसगडी, काळासावळा, उंच. कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. मला पाहून हात जोडून म्हणाला, "आवव भइया, बइठव." गाणी झाली, पेटी आणि ढोलक होतं. चाल भजनाची होती हे कबूल करतो. प्रार्थना हिंदीत झाली. मग त्याने विचारलं, आज नवं कोण आलंय?

आता त्यांची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिथे नव्या माणसाला स्वतःबद्दल बोलू देत नाहीत. देशभरातून आलेले मजूर, कुणाला हिंदी येत नाही, कुणी लाजतो, कुणी थापा मारतो. म्हणून नव्याला ओळखणाऱ्याने उभं राहायचं, त्याचं नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. एकच, पण स्वतः पाहिलेली. मग सगळे त्याला नमस्कार करतात आणि त्या दिवशी तो पहिल्या पंगतीत जेवतो. त्या दिवशी माझ्याआधी एक ओडिया पोरगा होता. त्याच्या सोबत्याने सांगितलं की गाडीत याने स्वतःची घोंगडी एका आजाऱ्याला दिली. लोक हसले, त्याला नमस्कार केले.

मग पास्टरने माझ्याकडे पाहिलं. सगळी डोकी फिरली. मी रूथबाईंकडे पाहिलं. उठणार ती हीच, गोड गोड सांगणार, असं मी धरून चाललो होतो. रूथबाई हलल्या नाहीत. कुणीच उठेना. हातातल्या चपला मला एकदम जड झाल्या. मी निघून जायला उठणार, तोच माझ्या मागून आवाज आला.

"इनका नाम मारोती."

बाईचा आवाज. थोडा जाड, खालच्या पट्टीतला. मला तो ओळखूच आला नाही. येणार कुठून? मी तो कधी ऐकलेलाच नव्हता.

"मारोती गोविंदा. साकोलीच्या बाजूचे. गुरुजी हायेत. माह्ये भासरे." हिंदी तिथेच सुटलं आणि ती आपल्या बोलीत बोलायला लागली. "हे वारले, सुमनचे बाबा, तवा भासरे आमाले घ्याले आले होते. गाडीत जागा नोती. दुर्गपासून गोंदियापावतर यायनं मले आन् पोरीले बसवलं आन् सोता उभे राह्यले. माह्याकडं पाठ करून उभे राह्यले. मले रडता यावं म्हनून. म्या तेथंच पयल्यांदा रडली." ती थांबली. मला वाटलं संपलं. "आता थे आमाले न्याले आले. मी येत नाई. तुमच्या घरी मले कोनं उपाशी नाई ठेवलं, मारलं नाई. पन दोन महिने मी मांगच्या खोलीत होती, आन् तुले कसं हाये म्हनून एका मानसानं पुसलं नाई. येथं पयल्या रोजी पुसलं. म्या अजून पानी घेतलं नाई डोक्यावर. घेईन त तुमाले कळवीन, चोरून नाई घेनार. सुमनले तुमी कवाही भेटा. पन मी येत नाई."

एका मल्याळी माणसाने मला नमस्कार केला, मग दुसऱ्याने, मग रांगच लागली. ओडिया पोरगाही आला. पन्नाससाठ माणसांनी मला हात जोडले, आणि माझ्या हातात चपला असल्यामुळे मला नीट उलटून हातही जोडता आले नाहीत. शेवटी खाली ठेवल्या.

जेवण तिथेच झालं. त्या डब्यातल्या मुठीमुठीच्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी आणि तिवऱ्याचं वरण. तिवरा म्हणजे आपलीच लाखोळी. पास्टरने सांगितलं की उरलेला तांदूळ ज्यांचं रेशनकार्ड अजून झालेलं नाही अशा नव्या माणसांना देतात. नामदेव आजारी होता तेव्हा तो तांदूळ त्याच्याही घरी गेला होता. मी त्याला विचारलं, "आणि मग तुमच्यात या म्हणता?" तो म्हणाला, "कहते हैं भइया. झूठ क्यों बोलूँ? सबको कहते हैं. कोई आता है, कोई नहीं आता." ते मला अजूनही पटलेलं नाही. देणाऱ्याने दिल्यावर बोलावूही नये असं माझं मत आहे, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने मला आणखी भात वाढला. मी जेवलो.

परतल्यावर

घरी काय झालं ते आधी उरकतो. मुलाचे वडील आले. शेवंता आजारी आहे, होळीनंतर येईल, असं सांगायचं मी भिलाईहून निघताना पक्कं केलं होतं. सोमानेच ते सुचवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते खरंच. ती येत नाही, त्यांच्यात बसते, पुढे काय करेल ते तिचं तिला ठाऊक. ते पान न खाता उठले. कमल त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, माझी आईही बोलली नाही. दुसरं स्थळ पाहणं चालू आहे. वाचकांपैकी कुणाला चांगला मुलगा माहीत असेल, आणि त्याच्या घरच्यांना ही गोष्ट आधी सांगून चालत असेल, तर अवश्य कळवावं.

पण प्रवासाचं शेवटचं अजून राहिलंय. सोमवारी सकाळी स्टेशनावर रूथबाई आणि सुमन मला पोचवायला आल्या, आणि मागे शेवंता. गाडीला उशीर होता. रूथबाई सुमनला घेऊन बोरं घ्यायला गेल्या. मुद्दाम गेल्या का, हा संशय मला तेव्हाही आला. फलाटावर आम्ही दोघंच, चार हातांवर. रात्रभर एक गोष्ट मला खात होती. मी वळून तिच्याकडे पाहिलं. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं. चेहरा माझ्या कल्पनेपेक्षा थकलेला होता.

"शेवंता," मी म्हणालो, "त्या गाडीत म्या पाठ फिरवली थे रीत म्हनून. तू रडावं म्हनून नाई. तुह्या रडन्याचं माह्या ध्यानातबी नोतं."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "पन तेथं एक तरी चांगलं सांगाच लागते. अकरा वरसांत मले तेवढंच सापडलं."